कायदा फडापर्यंत पोहोचवा

अमेरिकेत १९ जून हा गुलामगिरीच्या अंताचा दिवस म्हणून पाळतात. लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ चा. टेक्सासमधील गॅल्व्हेस्टनला लष्कराने मुक्तीचा हुकूम वाचून दाखवला तो १९ जून १८६५ रोजी. मधली अडीच वर्षे तिथली माणसे मळ्यांवर राबतच होती. गुलामगिरीविरुद्धच्या या लढ्याचे मोल जोतीराव फुले यांनी ओळखले होते. १८७३ मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांची सुटका करणाऱ्या अमेरिकी जनतेला अर्पण केले. तिकडच्या काळ्या माणसाची आणि इकडच्या शूद्रातिशूद्रांची वेदना त्यांना वेगळी वाटली नाही.

आज सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्याने स्वतःकडे त्याच नजरेने पाहायला हवे. पाऊस दगा देतो, म्हणून इथल्या वाड्यावस्त्या आणि लमाण तांडे दिवाळीच्या सुमारास ओस पडतात आणि टोळ्या कृष्णा-वारणेच्या पट्ट्यात किंवा कर्नाटकात ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. पहाटे थंडीत फडात शिरायचे, बुडख्यापासून ऊस तोडायचा, पाचट काढायचे, मोळ्या बांधायच्या. ती मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढते ती बाई. हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, मात्र नवऱ्याच्या नावावर आणि हिशेब टोळी जमवणाऱ्या मुकादमाच्या वहीत. आजारपणात एक दिवस बुडाला तरी खाडा लागतो. हंगाम संपतो, उचल फिटत नाही. बाकी पुढच्या हंगामावर जाते, आणि ती फेडायला पोराच्या हाती कोयता येतो.

उचल घेणे हा गुन्हा नव्हे. पण तिच्यापायी काम सोडण्याची किंवा दुसरीकडे जाण्याची मुभा गेली, की ती वेठबिगारी होते. राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने तिला मनाई केली आहे. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने असे कर्जच रद्दबातल ठरवले, आणि कर्ज वेठबिगारीचे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सावकारावर टाकली. एवढा भक्कम कायदा हाताशी असताना कुटुंबे अडकून पडतात, ही प्रशासनाची नामुष्की आहे.

टोळ्या उचल घेऊन पळतात आणि ती देणारे ऊसवाहतुकीचे वाहनमालक कर्जात बुडतात, ही तक्रार खरी आहे. जिल्ह्यातल्या अनेक वाहतूकदारांचे संसार त्यापायी मोडले आहेत. त्यांनी दिवाणी दावा लावावा, फसवणुकीची फिर्याद द्यावी. माणसे कोंडून किंवा बायकापोरे अडवून वसुली करण्याचा हक्क कोणालाही नाही. रोकड उचलीचा हा व्यवहार ज्या साखर कारखान्यांच्या सोयीसाठी चालतो, त्यांनाही ‘मजूर आमचे नव्हेत’ म्हणून अंग काढून घेता येणार नाही.

कायद्याने जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समित्या नेमायच्या आहेत. उचलीचे व्यवहार पावसाळ्यातच ठरतात, म्हणून जतच्या प्रांताधिकाऱ्यांनी समितीची बैठक आताच बोलवावी आणि उमदी, संख, माडग्याळच्या बाजूला स्वतः जावे. पूर्व भागात कन्नड बोलणारी कुटुंबे बरीच आहेत; त्यांच्याशी कन्नडमध्येच बोलावे. कारखान्यांनी प्रत्येक मजुराची नोंद ठेवावी, मजुरी नवरा आणि बायको यांच्या स्वतंत्र बँक खात्यांत भरावी आणि दर पंधरवड्याला तोडलेल्या टनांची चिठ्ठी दोघांच्या हाती द्यावी.