बिनसुळ्याच्या हत्तिणी पाहायला जावं का?

जुलै उजाडला की मसाई माराच्या नदीकाठी गाड्यांची दाटी होते आणि तिथल्या कोलाहलात मराठीही कानावर पडते. विल्डबीस्टचा कळप पाण्यात उतरेपर्यंत ड्रायव्हर एकमेकांना मागे रेटत असतात. ताडोबाच्या गेटवरून थेट केनियाला गेलेल्या माणसाला हे दृश्य अजिबात परकं वाटत नाही. मग कुणीतरी सुचवतं, त्यापेक्षा मोझांबिकमधल्या गोरोंगोसाला जा ना, तिथे गर्दी नाही.

सल्ला चांगला आहे. पण सहलीचे पैसे भरण्याआधी तो तपासून घ्यावा असाही आहे.

गोरोंगोसा 1960 साली राष्ट्रीय उद्यान झालं. 1977 ते 1992 च्या यादवीत तिथले प्राणी दोन्ही बाजूंच्या सैनिकांनी मांसासाठी आणि हस्तिदंतासाठी मारले. दोन हजारांच्या वर असलेले हत्ती दोनशेच्या आसपास उरले. वाचल्या त्यांत जन्मतःच सुळे नसलेल्या हत्तिणी जास्त होत्या, कारण त्यांना मारून काही मिळत नव्हतं. आपल्याला यात नवल वाटणार नाही, आपल्याकडच्या हत्तिणींना तसेही मोठे सुळे नसतात. आफ्रिकेत मात्र मादीलाही सुळे असतात. तिथे हा गुण पुढच्या पिढ्यांतही उतरला आणि 2021 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातल्या संशोधनाने त्यामागची जनुकीय कारणं मांडली. बंदुकीने केलेली ही निवड पाहायला जगात फार जागा नाहीत. जाण्याचं माझ्या मते सर्वांत भक्कम कारण हेच.

दुसरं कारण जंगल पुन्हा उभं राहताना दिसतं, हे. अमेरिकी उद्योजक ग्रेग कार यांच्या प्रतिष्ठानाने 2008 मध्ये मोझांबिक सरकारशी वीस वर्षांचा करार केला. रानम्हशी बाहेरून आणून सोडल्या, 2018 मध्ये दक्षिण आफ्रिकेतून रानकुत्री आली. वॉटरबक तर पन्नास हजारांच्या वर गेले. उरेमा तळ्याच्या गवताळ पठारावर कळपच्या कळप दिसतात.

आता दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहू. गेंडा तिथे नाही. बिबट्यासाठी नशीब लागतं. ज्या हत्तिणींनी गोळीबार पाहिला, त्यांतल्या काही गाडी दिसताच अंगावर धावून येतात. ‘बिग फाइव्ह’ची यादी पुरी करायला निघालेल्यांना तिथे निराश व्हावं लागेल. बेइरा बंदरातून गाडीने काही तासांचा प्रवास आहे आणि पावसाळ्यात रस्ते पाण्याखाली जातात, म्हणजे डिसेंबरच्या सुट्टीचा बेत बाद. मलेरियाच्या गोळ्या घ्याव्याच लागतात. राजकारणही पूर्ण निवलेलं नाही: 2013 नंतर याच भागात पुन्हा चकमकी झडल्या आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये युद्धविरामाच्या करारावर सह्या झाल्या त्या या उद्यानातच.

“तुम्ही गेलात म्हणून प्राणी वाचतील” हे वाक्य मात्र मला खटकतं. गोरोंगोसा आजवर उभं राहिलं ते प्रामुख्याने देणग्यांवर. पर्यटकाचा वाटा लहान आहे. आणि तोही भरवशाचा नाही. 2019 च्या मार्चमध्ये इडाई चक्रीवादळ आलं, वर्षभरात महासाथ. पाहुण्यांच्या खोल्या रिकाम्या राहिल्या, पण पहारा आणि उद्यानातर्फे आसपासच्या गावांत चालणाऱ्या शाळा थांबवून चालणार नव्हतं. उद्यानाभोवती सुमारे दोन लाख लोक राहतात. गोरोंगोसा डोंगरावरच्या वर्षावनात झाडांच्या सावलीखाली कॉफी लावून त्यांना उत्पन्न मिळवून देण्याचा प्रयोग चालू आहे. मला तो सफारीच्या खोल्यांपेक्षा जास्त टिकाऊ वाटतो. परदेशी धनिकाच्या हाती देशाचं जंगल का द्यावं, हा आक्षेपही आहेच. सरकारी तिजोरीत तेव्हा यासाठी पैसा नव्हता, हे त्याचं उत्तर. ते खरं आहे. त्याने आक्षेप मिटत मात्र नाही.

‘अस्पर्श आफ्रिका’ हा जाहिरातीतला शब्द तर इथे पूर्ण खोटा ठरतो. 1752 पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातून चाले. एकोणिसाव्या शतकात गोरोंगोसाच्या मुलखावर मानुएल आंतोनियो द सौझा ऊर्फ गोवेया याची सत्ता होती. जन्म म्हापशाचा, पदरी खासगी सैन्य, व्यापार हस्तिदंताचा. आणि या किनाऱ्यावरचा हस्तिदंत शतकानुशतकं आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरे, त्याच्या बांगड्या होत. त्या हत्तिणींशी आपलं नातं नुसतं प्रेक्षकाचं नाही.

मग जावं का? आयुष्यात एकदाच आफ्रिका परवडणार असेल, मुलांना सिंह जवळून दाखवायचा असेल, तर मसाई माराच बरं. त्यात कमीपणा काही नाही. मात्र पहिली सफारी झालेली आहे, चार दिवसांत मोजकंच दिसलं तरी चालेल, आणि दिसणाऱ्यापेक्षा त्यामागे घडलेलं ऐकायची हौस आहे, अशांनी गोरोंगोसाचा विचार जरूर करावा. एप्रिलनंतर, रस्ते वाळले की. छोट्या गटाने, तिथल्याच वाटाड्यासोबत. चाळीस जणांची बस नेऊन तिथेही बाकरवडीचे पुडे फोडायचे असतील, तर ‘कमी गर्दीचं’ हे विशेषण आपणच दोन हंगामांत संपवू. आणि हत्तीण कान पसरून उभी राहिली की वाटाड्या गाडी मागे घेईल. फोटो राहिला म्हणून त्याच्याशी वाद घालू नये.