हाका कोणी केला?

मराठी शिकारकथा वर्गात शिकवताना आपण मचाणावरल्या बंदूकवाल्याच्या धैर्याविषयी, एकाग्रतेविषयी, फार तर निसर्गप्रेमाविषयी बोलतो. रान उठवणाऱ्या हाकाऱ्यांविषयी बोलत नाही. ढोल-डबे बडवत, हाती केवळ काठी घेऊन ही माणसे झाडोऱ्यातून पुढे सरकतात, ती नेमकी बंदुकीच्या दिशेने. नेम चुकला तर गोळी कोणाला लागणार? जखमी जनावर उलटले तर कोणावर? कथेत मात्र त्यांना बहुधा नावही नसते.

याला पौरुष म्हणायचे असेल तर ते उसने आहे. आणि पळण्याच्या वाटा आधीच अडवलेल्या हरणाशी 'सामना' तो कसला?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीच्या व्याख्येतच जनावर हाकणे समाविष्ट केले. म्हणजे कायद्याने हाकाऱ्याची, गुन्हेगार म्हणून का होईना, दखल घेतली. आपल्या समीक्षेने तेवढेही केलेले नाही.

आमच्या पारनेरच्याच जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात, रेहेकुरीला १९८० पासून काळविटांचे अभयारण्य आहे. विद्यार्थ्यांना आधी तिथे मोकळा कळप दाखवावा, मग शिकारकथा उघडावी. आणि पहिला प्रश्न विचारावा तो हाच: हाका कोणी केला?