ट्रॅक्टर किती मोठा? जमिनीला विचारा, प्रतिष्ठेला नको!

पनवेल तालुक्यातल्या एका वस्तीत बचत गटाच्या बैठकीला आम्ही बसलो होतो. विषय ट्रॅक्टरचा. तरुण म्हणत होते, "घ्यायचाच तर पंचेचाळीस एचपीचा घेऊ, गावाला दिसू दे!" त्यावर एका आजींनी विचारले, "बाबांनो, तो आपल्या खाचरात वळंल का?"

तरुणांचा राग आम्हाला समजतो. पाऊस लागला की भाड्याच्या ट्रॅक्टरसाठी आपला नंबर शेवटी लागतो. राबातली रोपे वाढून जातात, लावणी लांबते, पीक घटते. म्हणून स्वतःचे यंत्र हा स्वाभिमानाचाच प्रश्न आहे. पण हप्ते फेडताना भाताचे खाचर गहाण पडणार असेल, तर तो कसला स्वाभिमान?

बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहिला. शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. त्यावर राबणारे हात, अवजारे आणि भांडवल यांच्याशी त्याचे प्रमाण जुळते का, यावर ठरते, असे त्यांनी त्यात दाखवले. हाच नियम ट्रॅक्टरला लावा. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील सरासरी धारणक्षेत्र १.०८ हेक्टर, तर अनुसूचित जातींचे अवघे ०.७८ हेक्टर आहे. समजा, दहा कुटुंबांची मिळून दहा एकर भातशेती आहे. लहान ट्रॅक्टरला एकराच्या चिखलणीसाठी अर्धा दिवस धरला, तरी पाच दिवसांत सगळ्यांचे काम होते. मोठा ट्रॅक्टर ते लवकर उरकेल, पण नंतर उभा राहील. बँकेचा हप्ता मात्र उभा राहत नाही! शिवाय अवजड यंत्र चिखलात रुतते, बांध फोडते.

अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या बचत गटांसाठी शासनाची मिनी ट्रॅक्टर योजना आहे. गटात किमान ८० टक्के सदस्य या समाजघटकांतले हवेत. ९ ते १८ एचपीचा ट्रॅक्टर आणि त्याची उपसाधने यांसाठी साडेतीन लाखांची मर्यादा धरून ९० टक्के अनुदान मिळते. काही मित्र म्हणतात, ही खेळणी देऊन आपली बोळवण आहे. कोकणातल्या खाचरांपुरते आम्हाला हे पटत नाही. पण मराठवाडा-विदर्भाच्या काळ्या जमिनीत खोल नांगरटीला ही ताकद अपुरी पडते. सगळ्या महाराष्ट्राला एकच माप का? ते माती आणि पीक पाहून गटानेच ठरवावे, असा नियम हवा.

आपल्यालाही काही पथ्ये पाळावी लागतील. खरेदीआधी ट्रॅक्टर आपल्याच खाचरात, चिखलात चालवून पाहा. बांधावरची वाट मोजा. सुटे भाग आणि दुरुस्ती जवळ मिळते का ते विचारा. पाळीची वही ठेवा आणि गटातल्या एखाद्या ताईला चालवायला शिकवा. नाव आपल्या गटाचे आणि ट्रॅक्टर भलत्याच्याच अंगणात, असे होऊ देऊ नका.

आणि ज्यांच्याकडे खाचरच नाही त्यांचे काय? भूमिहीनांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देणारी दादासाहेब गायकवाड योजना कागदावर आहे. ट्रॅक्टरच्या अर्जासोबत जमिनीचा अर्जही करा. यंत्र लहान चालेल, हक्काची मागणी लहान चालणार नाही.

जय भीम!