डाव्या वळणाची बदनामी

नागपूरच्या धरमपेठेत एक गृहस्थ आहेत. मोटारींच्या शर्यती हा आपला विषय आहे असे ते सांगतात, आणि त्या विषयात दुसरे कोणी नसल्यामुळे आमचे शहर ते मान्यही करते. परवा तरुण मुलांपुढे बोलताना त्यांनी नारायण कार्तिकेयनचा निकाल लावून टाकला. ‘फॉर्म्युला वनमध्ये पोचलेला पहिला भारतीय, आणि २०१० साली काय करत होता? अमेरिकेत पिकअप ट्रक गोल गोल फिरवत होता!’ सभागृह खो खो हसले. हशा आला की मुद्दा सिद्ध झाला असे आमच्याकडे धरून चालतात, म्हणून ही लेखणी उचलली.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. उघड्या चाकांची, एका माणसापुरती बेतलेली फॉर्म्युला गाडी हेच खरे रेसिंग. नॅस्कार या अमेरिकी मालिकेतली स्टॉक कार म्हणजे जुनाट इंजिनाचे बोजड धूड. इकडून तिकडे गेलेला माणूस घसरलेला. तो खेळ चोरटी दारू पळवणाऱ्यांनी सुरू केला, त्यात फक्त डावीकडे वळायचे असते, आणि तिथे कार्तिकेयनला ‘सर्वांत लोकप्रिय ड्रायव्हर’ हा किताब मिळाला तो इकडच्या पोरांनी घरबसल्या मते टाकली म्हणून. ज्या वर्षी पद्मश्री मिळाली त्याच वर्षी माणूस ट्रक ड्रायव्हर झाला, हा त्यावरचा कळस.

किरकोळ मुद्दे आधी उरकून घेतो. दारूचे म्हणाल, तर फॉर्म्युला वनच्या गाड्या वर्षानुवर्षे सिगारेटच्या रंगात रंगून धावल्या, आणि भारताच्या नावाने जी टीम त्या शर्यतींत उतरली तिचे मालक काय विकत होते हे मी सांगायची गरज नाही. लोकप्रियतेचा किताब मतांवरच मिळतो. मते न मागता लोकप्रिय कसे व्हायचे ते गृहस्थांनी आमच्या नगरसेवकांना शिकवावे. आणि ‘फॉर्म्युला वन सोडून गेला’ म्हणता, तर कार्तिकेयनची फॉर्म्युला वनमधली त्याआधीची शेवटची शर्यत २००५ ची. मधल्या काळात तो विल्यम्सचा चाचणी ड्रायव्हर होता, ए वन ग्रां प्री मालिकेत त्याने भारताला शर्यती जिंकून दिल्या, ल मॉंला ऑडी घेऊन गेला. चालू कारखान्याला लाथ मारून हा माणूस ट्रकवर चढला, हे चित्रच मुळात खोटे आहे.

आता डावे वळण. डावीकडे वळणाऱ्यांविषयी आमच्या शहरात आधीच प्रेम बेताचे, त्यामुळे हा मुद्दा इथे फारच खपतो.

गृहस्थांना एका तारखेची आठवण करून देतो : १९ जून २००५, इंडियानापोलिस. फॉर्म्युला वनची अमेरिकन ग्रां प्री. तिथला मूळ ट्रॅक लंबगोल. फॉर्म्युला वनसाठी आत वळणावळणांचा रस्ता काढला होता, पण मूळ ट्रॅकचे एक कलते वळण त्यात तसेच ठेवले होते, तेही उलट्या दिशेने. कल किती? नऊ अंशांहून थोडा जास्त. सरावात त्या वळणावर मिशेलिनचे टायर टिकेनात, राल्फ शूमाकरची गाडी भिंतीवर गेली. शर्यतीच्या दिवशी वीस गाड्या निघाल्या, एक फेरी मारली, आणि मिशेलिनवाल्या चौदा गाड्या मुकाट्याने पिटमध्ये शिरल्या. धावल्या फक्त सहा. जगातली सर्वांत महागडी, सर्वांत हुशार यंत्रे लंबगोलाच्या एका वळणापुढे हात जोडून उभी राहिली. एका! त्या सहांत चौथा आला तो नारायण कार्तिकेयन, आणि फॉर्म्युला वनमधले त्याचे पाचही गुण त्याच दिवसाचे. म्हणजे गृहस्थ ज्याला पोरखेळ म्हणतात त्या वळणानेच त्यांच्या लाडक्या खेळात भारताला पहिले गुण मिळवून दिले. दोष टायरचा होता, ड्रायव्हरचा नव्हता, असे ते म्हणतील. म्हणोत. मग त्याहून तिप्पट कलावर, डेटोनाच्या एकतीस अंशांवर, दीड टनाच्या गाड्या बंपरला बंपर लावून दोनशे फेऱ्या मारतात, त्यांच्या टायरवाल्याला तरी नमस्कार करा.

आता मार्टिन्सव्हिलला या. कार्तिकेयनची नॅस्कारच्या ट्रक मालिकेतली पहिली शर्यत तिथेच झाली, मार्च २०१० मध्ये, वायलर रेसिंगचा साठ नंबरचा ट्रक घेऊन. ट्रॅक जेमतेम साडेआठशे मीटरचा, आकार कागदाला लावायच्या क्लिपसारखा. सरळ पट्टे डांबरी, वळणे काँक्रीटची, कल बारा अंश. एवढ्याशा जागेत त्या दिवशी तीन डझन ट्रक सोडले आणि अडीचशे फेऱ्या लावल्या. प्रत्येक फेरीत दोनदा वेग घेऊन दोनदा ब्रेक दाबायचा, तोही असा की डिस्क तापून लाल व्हाव्यात पण शेवटच्या पन्नास फेऱ्यांसाठी ब्रेक शिल्लक राहावेत. मागचा ट्रक तुमच्या बंपरला ढुशी देतो, आणि ते नियमबाह्य नाही. बाजूला कोण आहे ते दिसत नाही. स्टँडच्या छपरावर उभा असलेला स्पॉटर कानात सांगत राहतो, आत आहे, अजून आत आहे, आता मोकळा. फॉर्म्युला वनमध्ये गाडीची नाडी पिटमध्ये बसलेले इंजिनिअर संगणकावर बघतात. इथे २०१० साली इंजिनाला कार्ब्युरेटर होता आणि गाडीची नाडी ड्रायव्हरच्या बुडाला कळली तर कळली. मागचा भाग सुटतो आहे की पुढचा भाग वळायला नाही म्हणतो आहे, हे त्याने रेडिओवर सांगायचे. मग पिटमध्ये एक मेकॅनिक मागच्या काचेतल्या भोकातून लांब पाना घालतो आणि स्प्रिंगवरचा दाब एक-दोन फेरे कमी-जास्त करतो. तोवर दुसरा एकेका चाकाचे पाच नट बंदुकीने आवळत असतो. नट आधीच गोंदाने चाकाला चिकटवलेले असतात. उजवीकडचे टायर घेराने डावीकडच्यांहून किंचित मोठे, म्हणजे गाडी सरळ पट्ट्यावरही डावीकडे ओढत राहणार. ज्याचा हात आयुष्यभर सहाशेवीस किलोच्या, हातमोज्यासारख्या बसणाऱ्या गाडीवर तयार झाला, त्याने तिच्या अडीचपट वजनाचे हे धूड पहिल्याच दिवशी तेराव्या क्रमांकावर आणले. गृहस्थांनी मुलांना ‘ट्रक’ तेवढा सांगितला, तेरावा क्रमांक सांगितला नाही.

याच गृहस्थांना मी तळेगाव दशासरच्या शंकरपटाचे गोडवे गाताना ऐकले आहे. तिथे तर बैलजोडी वळतसुद्धा नाही, नाकासमोर पळते आणि सेकंदाच्या अंशावर निकाल लागतो. ‘सरळ पळवण्यात कसले आले कसब?’ असे तिथल्या एखाद्या धुरकऱ्याला विचारून त्यांनी सुखरूप नागपुरात परत येऊन दाखवावे.

आणि लंबगोल सोपा असेल, तर फॉर्म्युला वनचे शूरवीर तिथे जाऊन धडाधड का जिंकले नाहीत? हुआन पाब्लो मोंतोया घ्या. फॉर्म्युला वनमध्ये सात विजय, त्यात २००३ चे मोनॅको. २००६ मध्ये मॅक्लारेन सोडून तो नॅस्कारला गेला, पुढे सात पूर्ण मोसम मुख्य मालिकेत धावला. विजय दोन : २००७ ला सोनोमा, २०१० ला वॉटकिन्स ग्लेन. दोन्ही ट्रॅक उजवी-डावी वळणे असलेले. लंबगोलावर एकही नाही. २००९ ला इंडियानापोलिसला एकशेसाठपैकी एकशेसोळा फेऱ्या तो सर्वांत पुढे होता आणि पिटमध्ये वेगमर्यादा ओलांडल्याच्या दंडात शर्यत गेली. १९९७ चा जगज्जेता जाक व्हिलनव २००८ च्या डेटोना ५०० साठी पात्रसुद्धा ठरला नाही. २००७ चा जगज्जेता किमी रायकोनेन २०११ मध्ये शार्लटला ट्रक घेऊन उतरला आणि पंधरावा आला. हो, ट्रक! गृहस्थांच्या कपाटात त्याचे पोस्टर आहे म्हणतात. कार्तिकेयनचा तेरावा क्रमांक त्याच्या शेजारी चिकटवायला हरकत नसावी.

हा वाद नवा नाही. एकदिवसीय क्रिकेट आले तेव्हा हेच सूर होते : पायजमा क्रिकेट, तमाशा, खऱ्या फलंदाजाने तिकडे बघू नये. आमच्या एका मराठी सलामीवीराने १९७५ ला लॉर्ड्सवर साठ षटके खेळून नाबाद ३६ काढल्या, तेव्हा शुद्धतावाद्यांना केवढे समाधान वाटले असेल! त्याच फलंदाजाने ३१ ऑक्टोबर १९८७ ला आमच्या सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर, अंगात ताप असताना, न्यूझीलंडविरुद्ध ८८ चेंडूंत नाबाद १०३ ठोकल्या. एकदिवसीय सामन्यांतले ते त्याचे एकमेव शतक, आणि ते नागपूरच्या वाट्याला आले. त्या दिवशी तो घसरला असे कोणी म्हटल्याचे माझ्या कानावर नाही. म्हटले असते तर इतवारीतून घरी जाणे अवघड झाले असते.

जुनाट तंत्राचा मुद्दा राहिला. गाडी जुनी म्हणून ड्रायव्हर कमी, हा तर्क मान्य केला तर व्यंकटेश मंदिरापर्यंत सायकल रिक्षा ओढणाऱ्यापेक्षा ऑटोमॅटिक गाडीतला माणूस जास्त कुशल ठरेल. पुढे चला.

मग माझे म्हणणे काय? तेही सांगून टाकतो. शर्यतीचा ड्रायव्हर हा एका जातीच्या गाडीचा पुजारी नसतो. मारियो आंद्रेतीने १९६७ ला स्टॉक कारची डेटोना ५००, १९६९ ला इंडियानापोलिस ५०० आणि १९७८ ला फॉर्म्युला वनचे जगज्जेतेपद मिळवले. त्याला कोणी विचारले नाही की बाबा रे, तुझी जात कोणती. डारियो फ्रँकिटी उलट्या वाटेने गेला. २००८ मध्ये नॅस्कारमध्ये घोटा मोडून घेतला, प्रायोजक मिळाला नाही म्हणून टीम बंद पडली, परत येऊन त्याने इंडीकारची पुढची तिन्ही विजेतेपदे घेतली. कार्तिकेयनही २०११ ला एचआरटीकडून फॉर्म्युला वनमध्ये परतला आणि त्या ऑक्टोबरात ग्रेटर नोएडाला भारतातल्या पहिल्या ग्रां प्रीत धावला. पुढे जपानमध्ये त्याने उघड्या चाकांची सुपर फॉर्म्युला अनेक वर्षे चालवली आणि २०१९ ला पुन्हा बंद गाडीत बसला. त्या नोव्हेंबरात फुजीला जपानच्या सुपर जीटी आणि जर्मनीच्या डीटीएमच्या गाड्यांची एकत्र शर्यत झाली, त्यातली दुसरी त्याने जिंकली. वय बेचाळीस. मार्टिन्सव्हिलच्या धक्काबुक्कीचा त्यात किती वाटा होता, ते मोजायचे यंत्र माझ्याजवळ नाही; पण ज्याला घसरलेला म्हणतात तो नऊ वर्षांनी असा वर निघतो, एवढे मला दिसते.

राहिली ती सभागृहातली पोरे. त्यांच्यातले एखादे उद्या कार्टिंग करून पुण्या-चेन्नईकडे जाईल, पैशाअभावी फॉर्म्युलाची वाट अर्ध्यात सोडील आणि टूरिंग कारमध्ये बसेल. बेंगळुरूचा अर्जुन मैनी फॉर्म्युला टू नंतर २०२१ ला असाच डीटीएममध्ये गेला. तेव्हा राजेहो, त्या पोराला ‘फॉर्म्युला वन कधी?’ असे विचारून छळू नका. आज कोणती गाडी चालवलीस आणि कितवा आलास, एवढे विचारा.