घराघरांतली शिकवण

जून सरत आला की ठाण्याच्या मासुंदा तलावावर पावसाच्या सरी उतरू लागतात, शाळांची नवी वर्षे मार्गी लागलेली असतात, रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गांत कोऱ्या वह्या उघडतात आणि तलावाजवळच्या जुन्या चर्चमध्ये आपल्या आश्रयदात्या संताचा सण येतो. २४ जून हा संत योहान बाप्तिस्ता याचा जन्मदिन. ख्रिस्तसभा बहुतेक संतांना त्यांच्या मृत्युदिनी आठवते; जन्मदिनाचा मान तिने येशूला, मरियेला आणि या योहानालाच दिला आहे.

त्या मानाचे मर्म शुभवर्तमानातल्या एका साध्या प्रसंगात सापडते. आपल्या दोन शिष्यांसह उभ्या असलेल्या योहानाला समोरून येशू जाताना दिसला. त्याने त्याच्याकडे निर्देश केला आणि ते दोघे गुरूला सोडून येशूच्या मागे निघाले. आपण कुठे राहता, असे त्यांनी विचारले, तेव्हा येशू त्यांना आपल्या मुक्कामी घेऊन गेला आणि तो दिवस ते त्याच्याजवळच राहिले. त्यांतला एक अंद्रिया. तो आपल्या भावाला, पेत्राला शोधायला गेला. त्या दिवशी काय बोलणे झाले, ते शुभवर्तमानकाराने लिहिलेले नाही. सोबत राहिले, एवढेच लिहिले आहे. श्रद्धेची पहिली शिकवण अशी बिऱ्हाडावर झाली.

आपल्या परिसरातही ती घरांनीच राखली. सहाव्या शतकातला प्रवासी कॉस्मस याने कल्लियाना नावाच्या गावी पर्शियातून नेमलेला बिशप असल्याची नोंद केली. ते आपले कल्याणच, असे अनेक अभ्यासक मानतात. १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू ठाण्यात हुतात्मा झाले. त्यांची हकीकत लिहून ठेवणाऱ्या ओदोरिकने इथे ख्रिस्ती लोकांची १५ घरे असल्याचे सांगितले आहे आणि ते परदेशी पाहुणे उतरले होते त्यांतल्याच एका घरी. पुढे पोर्तुगीज आले, चर्च उभी राहिली. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले आणि सत्ता पालटली. तरीही इथल्या ईस्ट इंडियन कुटुंबांतली प्रार्थना थांबली नाही, कारण ती शिकवणारी आजी राज्यकर्त्यांबरोबर गलबतात बसून गेली नव्हती.

घरातल्या शिकवणीला घाई मानवत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तो घेतला १९०० मध्ये. मधली ताटातूट, पुन्हा मांडलेला संसार, सोवळ्याओवळ्याचा पगडा हळूहळू सैल होत जाणे, हे सारे लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त मोकळ्या मनाने सांगितले आहे. जे एका प्रवचनाने साधत नाही, त्यासाठी वर्षानुवर्षांचे सहजीवन लागते आणि समोरच्याला त्याच्या पावलांनी येऊ देण्याचा धीरही लागतो.

आज कल्याण-डोंबिवलीत वसई, गोवा, मंगळूर, केरळ, तामिळनाडू अशा ठिकाणांहून आलेली आपली कुटुंबे एकाच जिन्याने चढतात-उतरतात. सिरो-मलबार भाविकांसाठी १९८८ मध्ये कल्याणच्या नावाने स्वतंत्र धर्मप्रांतही स्थापन झाला. या घरांत भक्ती आहे, वेळ मात्र नाही. सकाळची लोकल गाठायची आणि रात्री उशिरा परतायचे, तोवर मूल पेंगुळलेले. तरीही पानावर बसताना एखादी आई लेकराची इवली बोटे आपल्या मुठीत धरते आणि कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा अशी क्रुसाची खूण त्याच्याकडून काढून घेते. तेवढ्या क्षणात एक पिढी दुसरीला आपले सर्वस्व देत असते. आजारी शेजारणीला डबा पोचवणारी मावशी, कार्यालयात वरकमाईला हात न लावणारा काका, भांडण झाल्यावर आधी बोलायला जाणारे वडील, यांच्याकडे पाहूनच मुलांना येशू कळतो.

म्हणूनच धर्मपिता आणि धर्ममाता होण्याचा अर्थ आपण पुन्हा मनावर घ्यायला हवा. बाप्तिस्म्याच्या वेळी पास्काच्या मोठ्या मेणबत्तीवरून एक लहान मेणबत्ती पेटवली जाते आणि तो प्रकाश जपण्याचे दायित्व आईवडिलांवर आणि आपल्यावर सोपवले जाते. त्यानंतर बाळाच्या गळ्यात साखळी पडते, फोटो निघतात, जेवणे होतात आणि पुष्कळदा ते नाते नाताळच्या फराळापुरतेच उरते. ज्या मुलासाठी आपण वेदीसमोर शब्द दिला, त्याची परीक्षा, त्याची मैत्री, त्याची शंका आणि त्याचे रुसणे आपल्याला ठाऊक असायला हवे. आणि ते मोठे होऊन स्वतःच्या पायांनी चालू लागले, की योहानासारखे आनंदाने बाजूला होणेही जमायला हवे. या सणाच्या सुमारास दिवस लहान होऊ लागतो आणि नाताळच्या सुमारास पुन्हा वाढू लागतो. जुन्या धर्माचार्यांनी त्यात, येशू वाढावा म्हणून स्वतः कमी होणाऱ्या योहानाची नम्रता पाहिली, ती याचसाठी.

सणाची मिस्सा आटोपली की आपण प्रत्येकाने एक नाव आठवावे, आपल्या हाती सोपवलेल्या लेकराचे. येत्या रविवारी त्याच्या घरी जाऊ या, तासभर त्याच्याजवळ बसू या आणि बोलण्याआधी त्याचे ऐकून घेऊ या.