वकीलपत्र दिले, मुदत कोण सांभाळणार?

येडगाव, वडज, माणिकडोह, डिंभे ही नावे आज धरणांमुळे दूरवर गाजली आहेत. त्या पाण्याखाली कोणाची तरी काळी आई गेली, हे जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्यास आम्ही सांगावयास नको. जमीन गेली की हाती उरतो निवाड्याचा कागद. मोबदला थोडा वाटल्यास दाद मागता येते, हे पुष्कळांस ठाऊक असते. परंतु ती किती दिवसांत मागावयाची, हे थोड्यांसच ठाऊक असते. घर बुडते ते तेथेच.

1894 च्या भूसंपादन कायद्यात ही मुदत अशी होती: निवाड्याच्या वेळी हजर असणारास त्या दिवसापासून सहा आठवडे, गैरहजर असणारास नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांपैकी जे आधी संपेल ते. ही मुदत चुकल्यास ती माफ करण्याचा अधिकार कलेक्टरास नाही, असे सुप्रीम कोर्टाने 1996 साली ठरविले. 1 जानेवारी 2014 पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने सबळ कारण दाखविणारास आणखी एका वर्षापर्यंत अर्ज करण्याची सवलत दिली. पण मूळ मुदत आहे तीच आहे.

आमचा शेतकरी काय करतो? कागद आणि फी वकिलाच्या हवाली करतो, वकीलपत्रावर अंगठा किंवा सही करतो आणि निर्धास्त घरी येतो. पुढे हेलपाटे सुरू होतात. साहेब पुण्यास गेले आहेत, कारकुनास विचारा, सोमवारी या. सोमवार येतो आणि जातो. मुदत मात्र कोणाची वाट पाहत नाही. सर्वच वकील असे आहेत, असे आमचे म्हणणे नाही. गरिबाचे काम पोटच्या कामासारखे करणारे वकील आहेत, म्हणूनच निष्काळजी वकिलांस पाठीशी घालण्याचे कारण नाही.

पुणे जिल्ह्यात 1875 साली सावकारांविरुद्ध दंगे झाले, त्यांच्या मुळाशी एकतर्फी हुकूमनामेही होते. कुणबी कोर्टात जात नसे आणि त्याच्या पाठीमागे निकाल लागे. आज कुणबी वकील देतो आणि वकीलच जात नाही! निकाल पाठीमागे लागतो तो लागतोच.

कोर्टे अगदीच निर्दय आहेत असे नाही. वकील गैरहजर राहिला म्हणून बुडालेले एका पक्षकाराचे अपील सुप्रीम कोर्टाने 1981 साली पुन्हा चालविण्यास लाविले. खेड्यातील माणूस वकिलावर विसंबला तर त्याचा अपराध तो काय, असा त्या निकालाचा आशय आहे. 1987 साली काश्मिरात जमिनीच्या वाढीव मोबदल्याविरुद्ध सरकारचेच अपील चार दिवस उशिरा आले, तेही माफ झाले. सरकारास जी माफी, ती शेतकऱ्यासही मिळाली पाहिजे. परंतु माफी हा हक्क नव्हे. जो वेळीच जागा होऊन उशिराचे खरे कारण पुराव्यासह मांडतो, त्यालाच ती मागण्यास तोंड राहते.

म्हणून, बंधूंनो आणि भगिनींनो, मुदतीची तारीख आपल्या घराच्या भिंतीवर लिहा. दावा दाखल झाला असे वकील म्हणाला, तर त्याचा नंबर मागा. प्रत्येक दाव्यास आता सोळा अक्षर-अंकांचा नंबर असतो, आणि शाळेत जाणारे पोरही मोबाईलवर पुढची तारीख पाहून सांगेल. नंबर मिळत नसेल तर समजा की पाणी कोठेतरी मुरते आहे. वकिलास स्पीड पोस्टाने पत्र लिहा व त्याची नक्कल ठेवा; उद्या उशिराचे कारण सांगताना तोच पुरावा होईल. तरीही दाद न मिळाल्यास कोर्टाच्या परवानगीने वकील बदला. फी बाकी आहे म्हणून वकिलास तुमचे कागद अडकवून ठेवता येत नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने 2000 साली स्पष्ट केले आहे. ग्राहक कोर्टात मात्र जाऊ नका. ती वाट मे 2024 च्या निकालाने बंद झाली. तक्रार महाराष्ट्र व गोव्याच्या बार कौन्सिलकडे करावी. पण तक्रारीने जमीन परत येत नाही. आधी अर्ज, मग तक्रार. फी देण्याची ऐपत नसेल तर तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जा. स्त्रियांस आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांस तेथे उत्पन्नाची अट नाही.

ज्यांची मुदत गेली, त्यांनीही कपाळाला हात लावून बसू नये. एकाच अधिसूचनेत जमीन गेलेल्या शेजाऱ्यास कोर्टाने वाढीव दर दिला, तर त्या निकालापासून तीन महिन्यांच्या आत तोच दर मागता येतो. उशिरामुळे ज्याचा पहिला अर्ज फेटाळला गेला, त्यालाही हे दार उघडे आहे, असे 2002 साली ठरले. तेव्हा ज्याचा निकाल लागला त्याने भाऊबंदकी विसरून तो चावडीवर सांगावा. एकाने गुपचूप पैसे उचलले आणि दहाजणांची मुदत बुडाली, ही गावाला लाज आहे.

सरकारापाशी आमचे मागणे एकच आहे. निवाड्याच्या प्रत्येक कागदावर दाद मागण्याची शेवटची तारीख ठळक मराठीत छापावी. ज्याने जमीन घेतली, त्याला एवढी शाई जड नाही.