जिद्द कुणाच्या विरुद्ध?

मी गेवराईचा. बीड जिल्हा, गोदाकाठचा तालुका. शाळेत आम्हाला तालुक्याचा इतिहास म्हणून एकच गोष्ट सांगितली : राक्षसभुवनची लढाई, १० ऑगस्ट १७६३, पेशव्यानं निजामाला हरवलं. त्या लढाईत आपले खापरपणजे काय करत होते, घोड्याला चारा टाकत होते की मेलेलं घोडं ओढत होते, ते गुरुजींनी सांगितलं न्हाई.

गुरुजींचा लाडका शब्द ‘अजिंक्य’. जिंकणं हे साधं मराठी क्रियापद. त्याला संस्कृतचं सोवळं नेसवलं की अजिंक्य होतं. साताऱ्याचा किल्ला अजिंक्यतारा. १८१८ ला इंग्रजांनी तो घेतला, तरी नाव अजिंक्यच! हा शब्द किल्लेवाल्यांचा. ज्यांच्याकडं हरायला काहीतरी होतं त्यांचा.

आपला शब्द जिद्द. आणि तो ना वेदातला, ना पुराणातला. मूळ अरबी ‘ज़िद’. अर्थ : विरुद्ध, उलट, विरोधी. फारसी-दखनीच्या वाटेनं, अर्ज, हुकूम, जप्ती, जुलूम यांच्याबरोबर तो मराठीत आला. आखातातून कुणी वॉटरप्रूफ घड्याळ आणलं तर खोक्यावरचं अरबी वाचून घ्या. ‘ज़िद अल्-मा’, म्हणजे पाण्याच्या विरुद्ध. तिकडं फुटबॉलची मॅच अमुक ‘ज़िद’ तमुक अशीच असते. म्हणजे या शब्दाच्या पोटातच समोरचा एक बसलेला आहे. समोर कुणी नसेल तर ज़िदही नाही.

हिंदी-उर्दूत ज़िद म्हणजे हट्ट, पोराटोरांचा. मराठीनं मात्र त्याचा गुण केला, ही मराठीची मोठी कमाई. पण आता क्लासवाल्यांनी शब्द पळवलाय. पुण्यात चौकाचौकात फ्लेक्स : जिद्द, चिकाटी, मेहनत. खाली टाय घातलेला सर. अरे, जिद्द कुणाच्या विरुद्ध? सकाळच्या गजराच्या? समोरचा माणूस गाळला की जिद्द कशी गरीब गाय होते बघा. मग तुमचं पोरगं मागं पडलं तर दोष व्यवस्थेचा नाही, त्याच्यात जिद्द नव्हती! हा कावा ओळखा.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव केला आणि मराठवाडाभर आपल्या वस्त्या पेटल्या. पाटी बदलली १४ जानेवारी १९९४ ला. साडेपंधरा वर्षं. तीही ‘मराठवाडा’ तसंच ठेवून, नामविस्तार म्हणून. याला अजिंक्य म्हणायचं? घरं जळालेली माणसं अजिंक्य नसतात. ती हरतात, राख सावडतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विरुद्ध उभी राहतात. त्याला शब्द एकच आहे, आणि तो फ्लेक्सवाल्याला फुकट द्यायचा नाही.

माझी आई ऊसतोडीला जायची. बाप आणि ती मिळून एक कोयता. एका वर्षी पट्टा पडला, मुकादम म्हणाला, उचल फिटली न्हाई, पुढच्या सालावर बाकी. आई म्हणाली, वही दाखीव. तो हसला. ‘तुला वाचता येतंय व्हय?’ आई हालली नाही. बाप म्हणाला, चल गं. तरी नाही. दिवस मावळला. ‘लई जिद्दी बाई हाय,’ मुकादम शिवी घालावी तसा म्हणाला आणि वही फेकली.

मी चौथीत होतो. वही मी वाचली. दोन खेपा लिहिल्याच नव्हत्या.